सत्तावन्न किलो दीडशे ग्रॅम

२६ ऑक्टोबर, रविवार. वजन ६१.४

ही वही देवानंद सरांनी घ्यायला लावली. रोज सकाळचं वजन लिही, काय खाल्लं ते लिही, किती पळाला ते लिही. सात वर्षांत त्यांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी मी अर्ध्याच केल्या, म्हणून ही एक पूर्ण करून बघतो.

बातमी अशी की बॉक्सिंगची लढत मिळाली. पुण्याला, २९ नोव्हेंबरला, आठ राउंडची. फेदरवेट, म्हणजे सत्तावन्न किलो दीडशे ग्रॅम, त्यावर एक ग्रॅम चालत नाही. समोर हरियाणाचा बावीस वर्षांचा पोरगा, नऊ लढल्या आणि नऊ जिंकल्या. मी बत्तीस वर्षांचा. सोळा लढती, आठ जिंकलो, सात हरलो, एक बरोबरीत. त्यातल्या शेवटच्या तीन ओळीनं हरलो. जिंकलो तर आयोजक पुढच्या तीन लढतींचा करार करणार. हरलो तर काय, ते सरांनीच सांगितलं. "याच्यानंतर तुले कोनी फोन नाई करन, भागवत."

बायकोला, राखीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हारले तं?"

"हारलो तं सोडतो."

"वहीत लिहून ठेवा. नाई तं मंग म्हनसान, मी म्हटलंच नाई."

लिहिलं. हरलो तर सोडतो. पण हरायला मी पुण्याला चाललेलो नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. वजन ६०.९

पहाटे जानेफळहून आठ किलोमीटर पळून मग मोटरसायकलनं मेहकर. सात वाजता शेटजींच्या धान्यखरेदीच्या दुकानाचं शटर मीच उघडतो. गिऱ्हाईक यायच्या आत धान्याच्या काट्यावर चड्डीवर उभा राहतो आणि आकडा वहीत लिहितो. पूर्वी खामगावला सरांच्या तालमीतल्या जुन्या काट्यावर वजन व्हायचं. जूनमध्ये जागामालकानं तालीम खाली करून तिथं मोबाईलचं दुकान टाकलं, काटा भंगारात गेला. आता सर रविवारी मैदानात घेतात, बाकी सगळं फोनवर.

राजकुमार शेटजींचे माझ्यावर उपकार आहेत हे इथं लिहून ठेवतो. चार वर्षांपूर्वी मी हमाली मागायला गेलो होतो. त्यांनी माझे हात बघितले, नाक बघितलं आणि म्हणाले, पोतं उचलायचं नाही, तू फक्त काट्यापाशी उभं राहायचं. रोज सहा अंडी आणि एक लिटर दूध दुकानाकडून. बूट त्यांचे, ट्रॅकसूट त्यांचा, पाठीवर दुकानाचं नाव. काट्याच्या मागच्या भिंतीवर माझा ग्लोव्ह घातलेला मोठा फोटो लावलाय. सीझनमध्ये कोणी शेतकरी तावातावानं बोलायला लागला की शेटजी हाक मारतात, "भागवत, जरा इकडे ये रे." मी गेलो की माझी ओळख करून देतात, हे आपले बॉक्सर. माणूस लगेच नरमतो, कधी कधी हातसुद्धा जोडतो. या तालुक्यात बॉक्सिंगची एवढी कदर करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. वजन ६०.२

खामगाव. सरांनी सहा राउंड पॅडवर घेतलं. डावा खांदा दुखतोय, सांगितलं नाही. सर साठीचे, फौजेतून निवृत्त झालेले, गुडघे गेलेत. तरी माझ्या मागे मैदानभर फिरतात. मध्येच थांबून माझ्या गालाला चिमटा घेतला.

"चेहरा भरेल दिसून राह्यला बे. वजन कुठं करतं?"

"दुकानात. मोठा काटा हाय, सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

"एखांद्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर करून पाह्य."

हो म्हणालो. सरांचं वय झालं, त्यांना हल्ली सगळ्याची शंका येते. ज्या काट्यावर अर्ध्या तालुक्याचं सोयाबीन मोजलं जातं तो माझ्या साठ किलोला चुकणार आहे होय.

६ नोव्हेंबर, गुरुवार. वजन ५९.७

आज डोकं तापलं. आमच्याच गावचे तुळशीरामकाका सोयाबीन घेऊन आले. सोबत बाबा, त्यांचीही चार पोती त्याच ट्रॅक्टरमध्ये. काट्यावर तुळशीरामकाकांचं पाच क्विंटल अठ्ठ्याऐंशी भरलं. त्यांनी आरडाओरडा सुरू केला. "गिरनीवर मोजून आनलं, पुरं सहा क्विंटल हाय. बारा किलो कुठं गेलं? वाऱ्यानं उडालं काय?"

शेटजींनी हाक मारली. मी गेलो. काकांना म्हणालो, गिरणीचा काटा जुना आहे, पिठानं जाम झालाय, उगाच लोकांना भडकवू नका. ते माझ्याकडे बघतच राहिले. "तू सांगून राह्यला मले हे? तू?" म्हणाले. मला राग आला. एक पाऊल पुढं टाकलं, हात नाही उचलला, नुसतं पाऊल. तेवढ्यात बाबांनी काकांचा दंड धरला. "चाल रे तुळशीराम. जाऊ दे. चाल."

बाबांची पोती मोजली, त्यांनी आकडा बघितलासुद्धा नाही. माझ्याशी एक शब्द नाही. भिंतीवर माझा एवढा मोठा फोटो, त्याच्याकडेही नजर नाही. बॉक्सिंग म्हणजे त्यांच्या लेखी मारामारी. किसनरावांचा पोरगा गुंड झाला, हेच त्यांच्या मनात. चार वर्षं झाली, माझ्याशी धड बोलत नाहीत. पूर्वी निदान शिव्या तरी द्यायचे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. वजन ५९.५

दोन अंडी, मूग, काकडी. दहा किलोमीटर. तुळशीरामकाका रस्त्यात दिसले, मान फिरवली.

११ नोव्हेंबर, मंगळवार. वजन ५८.८

काजलला ताप होता म्हणून आरोग्य उपकेंद्रात गेलो. पोरीला नर्स सिंधूताईंनी तपासलं, किरकोळ सर्दी आहे. सरांचं बोलणं आठवलं म्हणून तिथल्या काट्यावर उभा राहिलो. साठ! सिंधूताईंना म्हणालो, तुमची मशीन बिघडली. त्या म्हणाल्या, "मागच्या महिन्यातच नवी आली, भागवतभाऊ. तुमीच बिघडले असान." हसल्या. मला हसू आलं नाही.

दिवसभर डोक्यात तेच. संध्याकाळी दुकान बंद करताना एक युक्ती सुचली. गोदामात युरियाची सीलबंद गोणी होती, कंपनीनं छापलेलं, पंचेचाळीस किलो. काट्यावर ठेवली. चव्वेचाळीस किलो शंभर ग्रॅम. म्हणजे बघा, खतवाले गोणीमागे जवळजवळ किलोभर मारतात आणि कोणी बोलत नाही! शेतकऱ्याला सगळेच लुटतात. आपल्या काट्यानं बरोबर पकडलं. माझं समाधान झालं. सरकारी मशीन ती सरकारीच, नवी असो की जुनी.

सरांचा फोन आला. दवाखान्यात वजन केलं का? केलं, तेच भरलं, म्हणालो. उगाच म्हाताऱ्याला काळजी कशाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार. वजन ५८.५

आज बकेट भरताना हातातून सुटली. राखी बघत होती. मला माहीत आहे ती मोजतेय, पंधरा दिवस उरले, चौदा उरले.

खरं लिहायचं तर मला भीती वाटतेय. मार खायची नाही, त्याची सवय आहे. भीती तीस नोव्हेंबरची. त्या दिवशी मी कोण असेन? काट्यापाशी उभा राहणारा माणूस. बॉक्सर आहे म्हणून शेटजी ठेवतात, बॉक्सर नसलो तर तेही ठेवणार नाहीत. दहावी नापास, दोन एकर कोरडवाहू तेही बाबांच्या नावावर. मला हात चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. आणि तेसुद्धा हल्ली अर्धा सेकंद उशिरा येतं. हे सरांना कळलंय. ते बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार. वजन ५८.१

भूक. शेजारच्या घरी पुरणाचा वास. त्या घराच्या दारावरून जाताना रडू आलं. बत्तीस वर्षांचा बाप्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार. वजन ५७.८

काल सरांकडे शेवटचा सराव. त्यांनी वही बघितली, आकड्यांवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "वजन उतरून राह्यलं पन पोट नाई उतरून राह्यलं. मले नाई समजत बे." मी म्हणालो, सर, आता वयानं अंग तसंच दिसतं. ते म्हणाले, असन.

या वेळी वजन आपणहून उतरलं. मागच्या लढतीला शेवटच्या आठवड्यात जीव निघाला होता. तेव्हा तालमीतला काटा होता. कदाचित तोच वेडा असेल, इतकी वर्षं मी विनाकारण उपाशी राहिलो.

शेटजींनी दुकानातल्या सगळ्यांसमोर नारळ दिला. म्हणाले, जिंकून ये, तुझा फोटो दुप्पट मोठा करतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. वजन ५७.६

सकाळी काट्यावर शेवटचं उभा राहिलो. आज दिवसभर पाणी नाही, उद्यापर्यंत अर्धा किलो आपोआप जाईल. म्हणजे उद्या ५७.१. कालव्याचं पाणी पाटात सोडावं इतकं सोपं गणित.

एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय. निघताना आईनं ओवाळलं. बाबा अंगणात बैलाला चारा टाकत होते. मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला. म्हणाले, "सांभाळून." एवढंच. जालन्याला अर्धं केळ खाल्लं आणि दोन घोट पाणी प्यायलो. शेजारी बसलेल्या सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

हात नीट चालत नाही, पण सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

अकराला वजन. हॉटेलचा हॉल, कॅमेरे, मागे पडदा. हरियाणाचा पोरगा आधी गेला. ५६.९. मग मी. चड्डीवर उभा राहिलो, दंड दाखवले, फोटोसाठी हसलोसुद्धा. काट्यासमोरचा माणूस म्हणाला, अठ्ठावन्न पॉइंट एक.

मी हसतच राहिलो. मला वाटलं दुसऱ्या कोणाचं सांगतोय. त्यानं परत सांगितलं. मग मी ओरडलो. तुमचा काटा खोटा आहे म्हणालो. त्या माणसानं वाद घातला नाही. टेबलाखालून सीलबंद वीस किलोचं वजन काढलं, काट्यावर ठेवलं. २०.०० आलं. मला उतरून पुन्हा चढायला सांगितलं. ५८.१.

दोन तास मिळतील, म्हणाले. दोन तासांत साडेनऊशे ग्रॅम. नाही झालं तर लढत रद्द, आणि हे सगळीकडे कळणार. वजन न आणणाऱ्याला कोणी बोलवत नाही.

सरांनी मला बाजूला घेतलं. "वजन कुठं करत होता बे?"

"दुकानात."

"दवाखान्यात केलं म्हनला होता ना मले?"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पळ."

हॉटेलच्या पार्किंगमध्ये, अंगावर दोन स्वेटर आणि वर प्लास्टिकचा रेनकोट. जिन्यानं सहा मजले वर, सहा मजले खाली. पहिल्या अर्ध्या तासात घाम आला, मग येईना. सरांनी तोंडात लिंबू दिलं, थुंक म्हणाले. थुंकत पळालो. तासाभरानं ५७.६. कमरेपासून खाली पाय माझे नव्हतेच. हॉलच्या कोपऱ्यात तो पोरगा शहाळं पीत बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं शहाळं पाठीमागे लपवलं. चांगला पोरगा आहे. त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटला.

आणखी पस्तीस मिनिटं. ५७.३. टॉवेल आडवा धरून चड्डीही काढली. ५७.२५. वीस मिनिटं उरलेली. अंगात थेंब नव्हता, जीभ टाळूला चिकटलेली. मी खाली बसलो तर उठता येईना.

सर माझ्या डोक्याकडे बघत होते. माझे केस दाट आहेत, आईवर गेलेत. सरांच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. लगेच म्हणाले, "नको. तुह्ये वडील हायेत."

मी म्हणालो, चला.

रस्त्याच्या पलीकडे सलून होतं. खुर्चीत बसलो, सांगितलं, सगळं काढा, मिशीसुद्धा, वस्तरा फिरवा. न्हाव्यानं कापड गुंडाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

त्याचा हात थांबला. "वडील आहेत?"

"आहेत. तुम्ही काढा."

तो म्हणाला, मी नाही काढत, मला पाप लागेल. सरांनी हात जोडले तेव्हा त्यानं मशीन चालवली. पाच मिनिटांचं काम. आरशात मला बाबांच्या चितेला अग्नी देऊन आलेला माणूस दिसला. आयुष्यात मी बाबांचं फारसं काही ऐकलं नाही, पण हे मी करीन असं कधी वाटलं नव्हतं.

तिथून थुंकत थुंकत परत. एक वाजायला चार मिनिटं. ५७.१५.

हॉलमधले लोक टाळ्या वाजवत होते. मी काट्यावरून उतरलो आणि सरांच्या अंगावर पडलो. मला वाटलं, जिंकलो.

३० नोव्हेंबर, रविवार

हरलो.

पहिले दोन राउंड चांगले गेले. सर म्हणतात पहिला माझा होता. तिसऱ्यात पाय सुटले. डोक्याला दिसायचं की ठोसा येतोय, अंगाला निरोप पोचायचाच नाही. काल दिवसभर पाणी, सरबत, भात, सगळं खाल्लं प्यायलं, तरी अंग रिकामंच होतं. चौथ्यात डाव्या भुवईवर फुटलं. पाचव्यात मी एकदा खाली गेलो, उठलो, पुन्हा गेलो, उठलो. सरांनी टॉवेल हातात घेतलेला दिसला. मी ओरडलो, सर नको. त्यांनी टाकायच्या आत पंचानंच मला मिठी मारली आणि लढत थांबवली.

डॉक्टरांनी साठ दिवस रिंगबंदी लिहिली, मेंदूचा फोटो काढायला सांगितलं. आयोजक माझ्याशी बोलले नाहीत, सरांशी बोलले. मी दाराआडून ऐकलं. "उसका हो गया, सर. वेट भी नहीं संभलता अब." सर काहीतरी म्हणाले, काट्याचं. ते हसले.

२६ ऑक्टोबरला लिहिलंय. हरलो तर सोडतो. राखीला फोन केला. ती म्हणाली, तुमी या, बाकी काही नाही. मला ते शब्द उच्चारता आले नाहीत. तिनंही मागितले नाहीत.

सतरा लढती. आठ, आठ, एक. संपलं.

१ डिसेंबर, सोमवार

बसस्टँडवर बसून राजकुमार शेटजींना फोन लावला. हरल्याचं त्यांना कळलं होतं. मला एक गोष्ट सांगायची होती, मी सांभाळून सांगितली. म्हणालो, शेटजी, आपला काटा बिघडलाय वाटतं. किलोभर कमी दाखवतो. लवकर दुरुस्त करून घ्या, चुकून एखाद्या गरिबाचं नुकसान व्हायचं.

ते मोठ्यानं हसले. "अरे येड्या, तू त्याच्यावर वजन करत होता? मले सांगाचं ना! तुह्या टायमाले पाच मिनिट सिधा करून देला असता."

मी फोन कानाला धरून बसून राहिलो. ते पुढं बोलत होते, आराम कर, बुधवारी ये, तुरीचा सीझन तोंडावर आहे, तू पाहिजेच. केस कापले म्हणतात, बरंच झालं, आता अजून खतरनाक दिसशील.

तुह्या टायमाले सिधा करून देला असता.

बस यायला दोन तास होते. तुळशीरामकाकांचे बारा किलो, सहाशेला बारा. युरियाची गोणी. सिंधूताईंची नवी मशीन. आणि "भागवत, जरा इकडे ये रे." चार वर्षांत किती वेळा. मी गेलो की माणूस नरमायचा, हात जोडायचा, आणि मला वाटायचं माझी कदर होतेय. मी पाऊल पुढं टाकलं होतं. आपल्याच गावच्या, बापाच्या वयाच्या माणसावर. लाज वाटते म्हणजे काय वाटतं ते मला आज समजलं.

सर शेजारी बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "मी एक डाव तिथं येऊन त्या काट्यावर उभा राह्यलो असतो तं झालं असतं. मीबी नाई आलो."

२ डिसेंबर, मंगळवार

टोपी घालून घरात शिरलो. काजलनं येऊन टोपी ओढली. आईनं बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बाया धावत आल्या. "माह्यं कुकू पुसलं रे यानं!" म्हणून कपाळ बडवायला लागली. राखीनं तिला धरलं. मी म्हणालो, बाबा कुठं आहेत? कापसात.

गेलो. बाबा एकटेच वेचत होते, कमरेला कापूस टाकायची ओटी बांधलेली. मला येताना बघितलं, वेचत राहिले. जवळ गेलो तसं म्हणाले, "टोपी काढ."

काढली. त्यांनी बघितलं, भुवईवरचे टाके बघितले, पुन्हा डोकं बघितलं.

"मी जित्ता हाय ना बे?"

"वजनासाठी केलं, बाबा. शंभर ग्रॅम जास्त होतं."

"केसाचं भरलं शंभर ग्रॅम?"

"हाव."

ते पुन्हा वेचायला लागले. मीही त्यांच्या शेजारच्या ओळीत वेचायला लागलो. हात सुजलेले, बोंडातून कापूस निघेना. वेचता वेचता सांगितलं, दुकानाचा काटा खोटा निघाला म्हणून हे झालं.

"तो काटा शंभरामागं दोन खाते," बाबा म्हणाले. "समद्या गावाले माहीत हाय."

"मले माहीत नव्हतं."

त्यांचा हात बोंडावरच थांबला. "काय म्हनला?"

"मले माहीत नव्हतं, बाबा."

"चार वर्षं तू त्या काट्यापाशी उभा राह्यला. तुळशीरामच्या अंगावर गेला माह्या डोयादेखत. आन् तुले माहीत नव्हतं?"

"काजलची आन, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मग धुऱ्याकडे, बांधावर जाऊन बसले, ओटी सोडली. मीही गेलो.

"मले वाटे, तुले समदं ठावं हाय," ते म्हणाले. "पोटासाठी करून राह्यला म्हनो. लोकं मले म्हनत, किसनराव, तुह्या पोरगा शेटचा पहिलवान हाय, आमाले भेव दावते. काय सांगू लोकाईले? तुह्या तोंडाकडं पाहाचं मन नाई व्हये."

"मंग तुमी माल तिथंच काऊन घालत होते? खामगावले न्यायचा."

"दुसरीकडं नेला असता तं शेटनं तुले इचारलं असतं ना, तुह्या बाप काऊन नाई येत म्हनून. तुले काढलं असतं." त्यांनी टोपी माझ्या हातातून घेतली, झटकली, परत दिली. "दोन किलो जाते तं जाऊ दे म्हटलं. पोराच्या अंड्या-दुधाले गेलं."

मी रडलो. आई रडते तसा, आवाज करून. मला वाटायचं त्यांना बॉक्सिंगची शिसारी आहे. चार वर्षं मी त्याचा राग धरून बसलो होतो, रिंगमध्येसुद्धा कधी कधी समोरच्यात त्यांनाच बघायचो. आणि ते दरसाल त्या खोट्या काट्यावर स्वतःची पोती टाकत होते, आकड्याकडे न बघता. बाबांनी मला रडू दिलं. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, त्यांना तसं येत नाही.

दुकानातून तीन फोन आले, उचलले नाहीत. उद्या बुधवार आहे. मी जाणार नाही. आधी तुळशीरामकाकांकडे जायचंय, ते दार उघडतील की नाही माहीत नाही. पुढं काय करीन तेही माहीत नाही.

ऊन चढल्यावर बाबांनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. खाताना एकदम विचारलं, "किती डाव टिकला?"

"पाच."

"आन् असते किती?"

"आठ."

"तो पोरगा डावऱ्या होता का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सात वर्षं, सतरा लढती, त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. नाही, उजवा होता, म्हणालो. मग त्यांनी भाकरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, पहिल्यापासून सांग. मी सांगितलं, घंटा वाजली इथपासून, एकेक ठोसा, हात करून दाखवत. आता यानंतर त्यांना सांगायला दुसरी लढत असणार नाही, म्हणून सावकाश सांगितलं.